शहाऱ्याचं तिकीट

वृषाली शेडबाळे सांगलीच्या मार्केट यार्डामागच्या प्रयोगशाळेत हळदीचे नमुने तपासत होती, तेव्हा नवऱ्याचा फोन आला. शाळेच्या वेळात मंदार कधी फोन करत नसे. पिवळ्या पडलेल्या बोटांनीच तिनं फोन उचलला.

"वृषाली, बाई येताहेत!"

"कोण बाई?"

"कोण बाई काय विचारतेस? कुमुदिनीबाई! मिरजेला. शेवटची मैफल. यानंतर जाहीर गाणार नाहीत म्हणे. अगं, मला वर्गात उभं राहवेना. पोरांना म्हटलं, गणितं सोडवत बसा."

मंदार शाळेत गणित शिकवायचा, पण त्याचा खरा जीव गाण्यात. 'सुरसंगम' मंडळाचा तो चिटणीस. कुमुदिनीबाई ताम्हनकरांची एकूण एक ध्वनिमुद्रणं त्याच्याजवळ होती. कुठल्या मैफलीत त्यांनी कुठली बंदिश घेतली, तबल्यावर कोण होतं, मध्येच वीज कधी गेली, सगळं तोंडपाठ. लग्नानंतरची पंचवीसेक वर्षं वृषाली त्याच्या शेजारी बसून हे गाणं ऐकत आली होती. मंडळातल्या बायका म्हणायच्या, जोडी असावी तर अशी.

"तिकिटं कुठं मिळणार?" तिनं विचारलं.

"'शहारा'वर. म्हणजे काळजीच नाही. आपल्याला नाही तर मग कुणाला मिळणार?"

'शहारा' हे तिकिटांचं अ‍ॅप येऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. त्याआधीचे हाल सगळ्यांच्या लक्षात होते. मोठ्या कार्यक्रमाची तिकिटं अ‍ॅपवर खुली झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत संपायची. ती माणसं घेतच नव्हती. हजारो खोट्या नावांनी संगणकच ती उचलायचे आणि मग दहापट भावानं बाहेर विकली जायची. आरडाओरडा फार झाला, तेव्हा सरकारनं नियम केला की तिकीट माणसाच्या देहाशी बांधलेलं हवं. दुसऱ्याला देता येणार नाही, विकता येणार नाही. पुण्यातल्या काही तरुण मेंदूशास्त्रज्ञांनी त्याच्याही पुढं पाऊल टाकलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जागा थोड्या आणि मागणारे फार, तर ज्याला आतून हवंय त्याला आधी द्या.

आतून हवंय हे ओळखायचं कसं, याचं उत्तर त्यांना कातडीत सापडलं. माणसाच्या अंगावरच्या प्रत्येक लवेच्या मुळाशी एक अतिशय बारीक स्नायू असतो. आपल्या पूर्वजांच्या अंगावर दाट केस होते, तेव्हा थंडी वाजली किंवा समोर वाघ दिसला की हे स्नायू आकसून केस फुलवायचे. पुढं केस गेले, स्नायू राहिले. आता एखादा सूर काळजाला भिडला, एखाद्या खेळाडूनं हरलेला डाव खेचून आणला, की ते आकसतात. आपण म्हणतो, अंगावर काटा आला. यातली गंमत अशी की हे स्नायू आपलं ऐकत नाहीत. हाताला वर हो म्हटलं की तो होतो. काट्याला ये म्हटलं तर येत नाही. लाखात एखाद्यालाच ते जमतं. म्हणून त्याचं सोंग आणता येत नाही.

अ‍ॅपसोबत मनगटावर बांधायची एक पातळ पट्टी मिळायची. ती उजेडाचे बारीक किरण सोडून कातडीचा खडबडीतपणा मोजायची, घामामुळं कातडीतून वीज किती सहज वाहते ते पाहायची, नाडीवर लक्ष ठेवायची. कार्यक्रमाचा एक तुकडा ऐकवला किंवा दाखवला जायचा, आणि ज्यांच्या अंगाला तो लागला त्यांना जागा. कुणी बर्फात हात बुडवून काटा आणायला गेलं, तर कातडीचं तापमान त्याची चुगली करायचं.

लोकांनी हे डोक्यावर घेतलं. गावोगावच्या पोरापोरींना पहिल्या रांगा मिळू लागल्या. आणि त्याबरोबर भलभलत्या गोष्टीही उजेडात आल्या. एका नामांकित नाट्यसमीक्षकाला सहा महिन्यांत एकाही नाटकाची जागा मिळाली नाही. शेवटी त्यांनी समीक्षा सोडून मधमाश्या पाळल्या. एका आमदारांना स्वतःच्याच सत्काराच्या सोहळ्याचं तिकीट मिळेना, तेव्हा त्यांना व्यासपीठावर बसवावं लागलं. लग्न जमवताना मुलाचा पगार विचारण्याआधी 'शहाऱ्या'त काय येतं ते विचारायची पद्धत पडत चालली होती.

चाचणीच्या रविवारी मंदारनं सकाळीच आंघोळ केली, नवा झब्बा घातला आणि हॉलमधल्या खुर्चीवर ताठ बसला. वृषालीची चाचणी आधी झाली. कानात कुमुदिनीबाईंचा आवाज भरला. छान होता. तिला आठवलं की दुधाचं पातेलं गॅसवर आहे. अ‍ॅपनं नम्रपणे सांगितलं, 'या वेळी जागा नाही.' तिला काही वाटलं नाही. मंडळाच्या मैफलींना मंदारच दोन तिकिटं काढायचा. आता एकट्याला मिळालं तर तेवढीच जास्तीची झोप.

मंदारनं डोळे मिटले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. त्याची मान हलली, बोटं मांडीवर ताल धरू लागली, एका जागी त्यानं "वा" म्हटलं. मग डोळे उघडून त्यानं फोनकडं पाहिलं आणि तो तसाच बघत राहिला.

"काय झालं?"

त्यानं फोन तिच्यापुढं धरला. 'या वेळी जागा नाही.'

"पट्टी सैल असेल," वृषाली म्हणाली.

पट्टी घट्ट होती. त्यानं ती आणखी घट्ट केली आणि अ‍ॅपनं दिलेली दुसरी संधी घेतली. पुन्हा तेच. आलेख दाखवा म्हटलं, तर पडद्यावर एक सरळ रेघ आली. जणू तो गाणं ऐकत नव्हता, वर्तमानपत्रातले बाजारभाव वाचत होता.

"हा शुद्ध मूर्खपणा आहे," मंदार म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "मला? बाईंच्या गाण्यात मला काही होत नाही?" झब्बा न बदलताच तो गच्चीवर निघून गेला.

अ‍ॅपची एक सोय होती. ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांना ते निरनिराळ्या कार्यक्रमांचे तुकडे ऐकवायचं आणि यातलं काही आवडतं का ते बघायचं. वृषालीच्या हातात गवारीच्या शेंगा होत्या, कानातलं यंत्र आणि मनगटावरची पट्टी काढायची राहून गेली होती. एक विनोदवीर बोलून गेला. ढोल वाजले. कुणीतरी गझल म्हटली. ती शेंगा मोडत राहिली.

मग अचानक कानात एका बाईचा श्वास ऐकू आला. दबक्या, न तुटणाऱ्या दमात: कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी. मागं मॅटवर सरकणाऱ्या पावलांचा आवाज. एक पाऊल पुढं, दोन बाजूला, थांबली. सगळे थांबले. आणि झेप.

शेंग हातातच राहिली. मानेपासून कंबरेपर्यंत काहीतरी सळसळत गेलं, हातावरची लव उभी राहिली, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी वृषाली शेडबाळे गुडघे किंचित वाकवून, अंगठ्यांवर वजन घेऊन उभी होती. ती तशी कधी उभी राहिली ते तिलाच कळलं नव्हतं.

इचलकरंजीत, कॉलेजात असताना, वृषाली मगदूम संघाची चढाईपटू होती. मग लग्न झालं, सांगली आली, नोकरी आली, रेवा झाली. खेळ कुणी बंद पाडला नाही. तो आपोआप मागं पडला, कपाटातल्या वरच्या फळीसारखा. तिथं काही आहे हे माहीत असतं, पण हात पोचत नाही.

घरातलं 'शहारा'चं खातं एकत्रच होतं आणि ते मंदार सांभाळायचा. त्यामुळं बातमी आधी त्याला कळली. तो जिना उतरून आला तो फोन हातात घेऊनच.

"हे काय आहे?" त्यानं वाचून दाखवलं. "वृषाली शेडबाळे. महिला कबड्डी लीग, अंतिम सामना, कोल्हापूर. पहिली रांग. उद्या संध्याकाळपर्यंत स्वीकारा किंवा परत करा."

वृषालीच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. तिला ते आवरता आलं नाही. "पहिली रांग?"

"कबड्डी?" मंदार म्हणाला. "तुला?"

"मी खेळायचे की."

"कधी?"

"लग्नाआधी. सांगितलं होतं तुम्हाला, बघायला आला होतात तेव्हा. तुम्ही म्हणालात 'अरे वा', आणि मग कुमुदिनीबाईंच्या मारव्याबद्दल सांगितलंत. बराच वेळ."

मंदार खुर्चीवर बसला. "म्हणजे इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून मान डोलवत होतीस ते?"

"ते काय?"

"नाटक होतं?"

वृषाली चिडली. "नाटक कशाला? तुम्ही या म्हणायचात, मी यायचे. कधी गाणं आवडायचं. कधी कणीक मळून ठेवलीय का नाही ते आठवत बसायचे. मध्यंतरातली कॉफी चांगली असायची. यात नाटक कुठं आलं?"

"परत कर ते," तो म्हणाला. "यंत्रच बिघडलंय. तुला कबड्डीचं तिकीट देतंय आणि मला गाण्याचं नाही म्हणतंय. तू ते स्वीकारलंस, तर ते बरोबर आहे असं होईल. मग माझ्याबद्दल म्हणतंय तेही बरोबर, नाही का?"

त्या दिवशी घरात भांड्यांचाच काय तो आवाज झाला. बेंगळुरूहून रेवाचा फोन आला, तेव्हा दोघंही तिच्याशी भरभरून बोलले आणि एकमेकांशी बोलायला नको म्हणून तिला सोडेचनात. शेवटी तीच म्हणाली, "आई, माझी मीटिंग आहे गं."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत वृषालीचं लक्ष लागेना. तिच्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये ती दोन बटणं. मंदारला दुखवायचं नव्हतं. त्याचा तो कोसळलेला चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पण 'परत करा'वर बोट न्यायचा विचार केला की अंग आडमुठेपणानं मागं सरायचं. समोरच्या यंत्रात हळदीचा अर्क फिरत होता. थोड्या वेळानं आकडा आला, उत्तम प्रतीचा माल. तिनं तो लिहिला आणि लिहितालिहिता थांबली.

संध्याकाळी मंदार घरी आला, तेव्हा ती त्याची वाटच बघत होती.

"बसा," ती म्हणाली. "माझं यंत्र हळदीत रंगद्रव्य किती आहे ते सांगतं. कधी चुकत नाही. पण त्या हळदीनं कुणाची आमटी चांगली होईल हे त्याला विचारलं तर काय सांगेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे ते बिघडलेलं नाही. त्यानं फक्त काटा मोजला. तुम्हाला नाही मोजलं. तुम्ही रोज भात खाता. भात बघून अंगावर काटा येतो का? पण दोन दिवस भात नाही मिळाला तर काय होतं तुमचं? त्या गाण्याची जागा न् जागा तुम्हाला पाठ आहे. पुढं काय येणार ते बाईंच्या आधी तुम्हाला माहीत असतं. दचकणार कसे?"

मंदारनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"आणि मला," वृषालीचा आवाज हलला, "मला वीसपंचवीस वर्षांत कुणी दचकवलंच नव्हतं." तिनं त्याच्यासमोर फोन काढला आणि 'स्वीकारा'वर बोट ठेवलं. फोननं टुण्ण केलं. तिचं काळीज त्याहून मोठ्यानं वाजत होतं.

मंदारनं फोन हातात घेऊन सगळं वाचलं. मग म्हणाला, "सोबतीला एक जागा देतात. मी चाचणी देऊ?"

त्यानं दिली. तुकडा पाहताना त्याच्या कपाळावर आठ्या होत्या, कोण कुणाला कशाला धरतंय हे त्याला समजत नव्हतं. सरळ रेघ आली. या वेळी तो स्वतःच हसला. "बरोबर आहे. मला काही कळलंच नाही." आणि पट्टी सोडता सोडता म्हणाला, "गाडी मी चालवतो. तू एकटी इतक्या लांब नको जाऊस."

कोल्हापूर काही लांब नव्हतं. पण ती नको म्हणाली नाही.

सामन्याच्या दिवशी क्रीडासंकुलाबाहेर जत्रा लोटली होती. पोरींनी गालांवर भगवे-निळे पट्टे ओढले होते, पिपाण्या वाजत होत्या, भेळेच्या गाड्यांवर धूर आणि कांदा. अंतिम सामना 'पंचगंगा कोल्हापूर' आणि 'सोनीपत' यांच्यात होता. पंचगंगाची ऐश्वर्या कुरणे शिरोळ तालुक्यातली, त्यामुळं निम्मा तालुका ट्रॅक्टरनं आला होता. जागा न मिळालेल्यांसाठी बाजूच्या मोकळ्या मैदानावर भलामोठा पडदा लावला होता.

काचेच्या दाराशी दोघं थांबले. लग्नानंतर वृषाली एकटी कुठल्याच कार्यक्रमाला गेली नव्हती. तिचे पाय घुटमळले.

"जा की," मंदार म्हणाला. त्यानं पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. "मी तिकडं पडद्यापाशी असतो."

"कंटाळलात तर गाडीत बसा."

"बघतो."

तिनं दाराच्या पट्टीवर तळहात टेकला. प्रत्येकाच्या हृदयाच्या ठोक्यांची वेगळ्या वळणाची सही असते, अंगठ्याच्या ठशासारखीच. दारानं ती वाचली. हिरवा दिवा लागला, दार सरकलं. ती आत गेली आणि मागं वळून पाहिलं, तर मंदार गर्दीत दिसेनासा झाला होता.

पहिली रांग मॅटच्या इतकी जवळ होती की खेळाडूंच्या पायाला लावलेल्या मलमाचा वास येत होता. वृषालीच्या डावीकडं हिरवा स्कार्फ बांधलेली, भरल्या अंगाची एक बाई बसली होती. उजवीकडं चष्मेवाल्या एक बाई, त्यांच्या मांडीवर डबा. पलीकडंही सगळ्या बायकाच. कुणाचे केस पांढरे, कुणाच्या गुडघ्याला पट्टा.

"तुम्ही पण खेळायचा का?" हिरव्या स्कार्फवालीनं विचारलं.

"हो. चढाई. तुम्ही?"

"डावा कोपरा. किती जणींचे घोटे धरलेत म्हणून सांगू! मी नसरीन मुकादम. जयसिंगपूरला बेकरी आहे आमची."

"मी शोभा गव्हाणे, तासगाव," डबेवाल्या बाई वाकून म्हणाल्या. "मी मधली. हातात हात घालून साखळी."

तेव्हा वृषालीला उमगलं. 'शहारा' जागा देताना नाडीचे आलेख ताडून बघायचं, आणि ज्यांचे सारखे चढतात-उतरतात त्यांना शेजारी शेजारी बसवायचं; एकसारखी माणसं एकत्र ओरडली की मजा वाढते, असा त्यामागचा हिशेब. त्या आलेखांनी महाराष्ट्रभरातून शोधून शोधून, कधीकाळी मॅटवर किंवा मातीत दम धरलेल्या बायका या एका रांगेत आणून बसवल्या होत्या.

शिट्टी झाली, आणि नंतरचं सगळं एका दमात घडल्यासारखं तिला आठवत राहिलं.

ऐश्वर्या चढाईला निघाली की ती डावीकडं झुके, आणि वृषाली डावीकडं झुके, आणि नसरीन, आणि शोभाताई. सगळी रांग वाऱ्यात गहू वाकावा तशी वाकायची. सोनीपतची पोरगी आत आली की नसरीन तिच्या घोट्याकडं बघून "आत्ता, आत्ता, आत्ता" पुटपुटायची आणि तिच्या "आत्ता"बरोबर पंचगंगाच्या कोपऱ्यातली पोर झेपावायची. मध्यंतराआधी पंचगंगावर लोण चढला, म्हणजे सगळा संघ बाद झाला. शोभाताईंनी डबा उघडला आणि सगळ्यांच्या हातावर एकेक लाडू ठेवला. सगळ्यांनी औषध घ्यावं तसा तो खाल्ला. मध्यंतरानंतर पोरींनी एकेक गुण ओरबाडून आणला. वृषाली ओरडत होती. हा आवाज आपला आहे हे तिला आधी कळलंच नाही. इतका मोठा आवाज तिनं कुठल्याच घरात काढला नव्हता.

शेवटची चढाई उरली. पंचगंगा एका गुणानं मागं. समोर सोनीपतच्या सहा जणी. ऐश्वर्यानं मध्यरेषेवर हात टेकला, कपाळाला लावला आणि दम सुरू केला.

स्टेडियम गप्प झालं. एवढ्या हजारांच्या गर्दीत तिचा श्वास ऐकू येत होता.

ती उजवीकडं गेली, फिरली, खोल शिरली. मागच्या बोनस रेषेपलीकडं तिनं एक पाय टाकला. मागचा पाय त्या क्षणी हवेत असेल तरच बोनसचा गुण मिळतो. पहिल्या रांगेतल्या सगळ्या बायकांचा उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला. आणि मग कोपऱ्यातल्या पोरीनं तिचा घोटा धरला. ऐश्वर्या पालथी पडली. दम चालूच. बाकीच्या पाचजणी धावल्या, पण त्या पोचायच्या आत तिनं अंग ताणलं, खांदा निखळेल इतकं ताणलं, आणि मधल्या बोटाचं टोक मध्यरेषेला टेकवलं.

छप्पर उडेल असा आवाज झाला. घोटा धरणारी बाद, एक गुण, बरोबरी. पण बोनस? पंचांनी हात वर केला. चित्रफीत बघणार.

"पाय हवेत होता," नसरीन म्हणाली.

"होताच," शोभाताई म्हणाल्या.

"होता," वृषाली म्हणाली. "माझा पण होता." तिघींनी एकमेकींचे हात धरले होते; पडद्यावर चित्र पुढंमागं सरकत होतं, पाय, रेषा, पाय. मग पंचांनी अंगठा उंचावला.

त्यानंतर कोण कुणाच्या गळ्यात पडलं ते सांगता येणार नाही. मुकादमांच्या बेकरीवालीनं तासगावच्या गव्हाणेबाईंना कंबरेत धरून उचललं. वृषाली रडत होती आणि हसत होती, चष्मा कुणाचा तरी तिच्या हातात आला होता. ऐश्वर्या कुरणे रांगेपुढून धावत गेली, आणि सगळ्यांच्या पसरलेल्या तळव्यांवर तिचा घामेजला तळवा फटाफट आपटत गेला.

बाहेर पडताना नसरीननं विषय काढला. "माझ्या बेकरीमागं मैदान आहे. रविवारी सकाळी रिकामंच असतं."

"माझा गुडघा," शोभाताई म्हणाल्या, आणि लगेच, "पट्टा बांधला तर चालेल."

वृषालीनं क्षणाचाही विचार केला नाही. "मी येणार," ती म्हणाली.

बाहेर ऊन उतरलं होतं आणि पडद्याजवळच्या मैदानावर माणसांचा समुद्र उसळत होता. फोन लागेना. गाडीपाशी मंदार नव्हता. तिनं टाचा उंचावून पाहिलं. 'अहो' म्हणून हाक मारली तर शंभर जण वळले असते. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तोंडावर हातांचा कर्णा केला आणि ओरडली, "मंदार! ए मंदार!"

उत्तर आलं नाही, पण त्याचा आवाज आला. एका टेम्पोच्या हौद्यात उभा राहून तो खाली उभ्या एका आडदांड माणसाशी भांडत होता. झब्ब्याचा खिसा फाटून लोंबत होता, गालावर निळा पट्टा.

"अहो, मी डोळ्यांनी बघितलंय! मागचा पाय हवेत होता म्हणजे होता! पंचांनी एवढा वेळ घालवायचं कारणच काय?"

"सर, दिला की बोनस त्यांनी," तो माणूस समजावत होता. "जिंकलो आपण."

"दिला हो, पण बघायला लागतंच कशाला? इतकं स्वच्छ..." मग त्याला वृषाली दिसली. हौद्यातून उतरताना तो जवळजवळ पडलाच. "बघितलंस? शेवटचं ते बघितलंस?"

"मी तिथंच होते," ती म्हणाली. तिचा घसा पार बसला होता.

"या लोकांनी मला सगळं सांगितलं. बोनस, पकड, सगळं. अगं, पाच मिनिटं कळेना, आणि एकदा कळलं..." श्वास घेऊन तो शांत झाला. दोघं गाडीकडं चालू लागले. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मिरजेलाही बाहेर असाच पडदा लावणार आहेत. मी ठरवलंय, जाणार. जागा नाही दिली तर नाही. मैदानात बसून ऐकेन बाईंना. लोकांत बसून." मग जरा चाचरत, "तू येशील?"

सवयीनं 'हो' तिच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"कधी आहे?"

"पुढच्या रविवारी सकाळी."

"रविवारी नाही जमणार," वृषाली म्हणाली. "आमची प्रॅक्टिस आहे. जयसिंगपूरला."

मंदार थांबला. त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. विस्कटलेले केस, लाल झालेले तळवे, गालावर सुकलेलं पाणी. तिला वाटलं, आता हा विचारेल, कसली प्रॅक्टिस, या वयात, गुडघे मोडायचेत का.

"तू काय होतीस?" त्यानं विचारलं. "म्हणजे खेळताना. चढाई का पकड?"

"चढाई."

"तरीच," मंदार म्हणाला. कशावरून तरीच, ते त्यानं सांगितलं नाही. गाडीपाशी येऊन त्यानं चालकाच्या बाजूचं दार तिच्यासाठी उघडलं आणि स्वतः पलीकडं जाऊन बसला. "तू चालव. माझे हात अजून थरथरताहेत. आणि हे लोण म्हणजे नक्की काय ते सांग मला. त्या टेम्पोवाल्यानं सांगितलं, पण गोंगाटात अर्धंच कळलं. पहिल्यापासून सांग."

वृषालीनं गाडी सुरू केली आणि सांगायला घेतलं. इचलकरंजीच्या मातीच्या मैदानापासून घेतलं. बसलेल्या घशानं, हातवारे करत, मध्येच स्टिअरिंग सोडत ती सांगत होती आणि मंदार "मग?" म्हणत होता. सांगलीचा पूल आला तरी तिचं अजून पहिलं वर्षच चाललं होतं.